शनिवारचा चित्रपट आणि माझ्या वाट्याला आलेल्या ओळी

गोव्यात साखळीला आमच्या घरी दर शनिवारी रात्री, जेवणे आटोपून स्वयंपाकघराचा ओटा धुऊन झाला की, बाहेरच्या खोलीत दोन खिळ्यांना पांढरी चादर ताणून बांधली जाते आणि साडेआठच्या सुमारास चित्रपट सुरू होतो. हा नेम गेल्या जून महिन्यात सुरू झाला. त्याआधी आमचे चित्रपट पाहणे म्हणजे नोव्हेंबरात पणजीला जाणे. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ साली गोव्यात आला, तेव्हापासून मी आणि माझे यजमान रजा टाकून दोन-तीन दिवस तरी तिकडे जातोच. दिवसभर एकामागून एक चित्रपट पाहून रात्री उशिरा घरी पोहोचावे, तर सासूबाई जाग्याच असत. पुढ्यात ताट वाढून त्या विचारीत, आज काय पाहिलेत, आणि आम्ही जेवता जेवता चार-पाच वाक्यांत गोष्ट सांगून मोकळे होत असू. मागच्या महोत्सवात अशीच एक गोष्ट ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी पळोवन येतात आनी म्हाका काणी सांगतात." म्हणजे, तुम्ही पाहून येता आणि मला गोष्ट सांगता. त्यात तक्रारीचा सूर मुळीच नव्हता, पण वाक्य आम्हा दोघांच्याही मनाला लागले. आई ऐंशीच्या घरात आल्या आहेत, गुडघे दुखतात, पणजीपर्यंतचा प्रवास आणि थिएटरातल्या पायऱ्या त्यांना झेपत नाहीत. यजमानांनी ओळखीच्या माणसाकडून एक जुना प्रोजेक्टर विकत घेतला, आणि चित्रपट आमच्या घरी आला.

आई घरात कोकणी बोलतात आणि मराठी वाचतात. पोर्तुगीज अमदानीत गावातल्या मास्तरांच्या मराठी शाळेत त्या चौथीपर्यंत शिकल्या, आणि त्या शिदोरीवर आजही रोजचे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. इंग्रजी मात्र त्यांना येत नाही. परदेशी चित्रपटाच्या तळाला येणारे सबटायटल कोणीतरी त्यांना वाचून दाखवणे भाग होते. पहिल्या प्रयत्नात मुलाने वाचले, पण तो इतक्या भरभर वाचत गेला की आई गोंधळल्या; यजमान वाचू लागले, तर चित्र पुढे आणि ते मागे. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, मोठ्याने वाचण्याची मला रोजची सवय आहे, म्हणून ते काम माझ्याकडे आले आणि माझ्याकडेच राहिले.

हे काम आमच्या घराण्यात नवे नाही, असे मला फार नंतर जाणवले. माझे माहेर पेडणे तालुक्यातले. तिथे देवळाच्या जत्रेला गावातलीच माणसे मराठी नाटक बसवीत, आणि माझे वडील कितीतरी वर्षे विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करीत. मी लहानपणी त्यांच्या शेजारी खोक्यावर बसून नाटक पाहिलेले आहे. नाटक समोरून कसे दिसते ते मला बरेच उशिरा कळले. डाव्या हातात वही, उजव्या हाताचे बोट ओळीवर, आणि नजर मात्र वहीवर नसून नटाच्या तोंडाकडे. नवशिक्या प्रॉम्प्टरला ते एकच गोष्ट बजावीत: नटाला शब्द द्यावा, सूर देऊ नये. मी पहिले दोन शनिवार नेमके तेच विसरले. रडणाऱ्या बाईची ओळ रडवेल्या आवाजात वाचायची, भांडणाची ओळ चढ्या आवाजात, असे मी करीत होते, आणि आई पडद्याकडे पाहायचे सोडून माझ्याकडे पाहत होत्या.

पहिला खरा चित्रपट झाला तो वित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा 'बायसिकल थीव्ज'. युद्धानंतरच्या रोममध्ये अंतोनिओ नावाच्या बेकार माणसाला भिंतींवर पोस्टर चिकटवण्याचे काम मिळते, पण स्वतःची सायकल असली तरच. आणि सायकल तर गहाण पडलेली. त्याची बायको मारिया काही न बोलता पलंगावरच्या चादरी ओढून काढते आणि त्या गहाण टाकून सायकल सोडवून आणतात. गहाणवटीच्या त्या दुकानातला माणूस चादरींचे गाठोडे घेतो आणि मांडणीवर चढू लागतो. कॅमेरा त्याच्यामागून वर वर जातो, आणि आपल्याला दिसते की छतापर्यंत तशीच गाठोडी रचलेली आहेत. त्या क्षणी पडद्यावर वाचण्यासारखी एकही ओळ नव्हती. आईंनी आपणहून विचारले, एवढ्या सगळ्या लोकांनी चादरी गहाण ठेवल्या होत्या काय. काही सेकंदांचे ते दृश्य मी पूर्वी दोनदा पाहिले होते. एका घराची गोष्ट पाहता पाहता आपण त्या गाठोड्यांत अख्खे शहर पाहून घेतो, हे मात्र आईंनी विचारले तेव्हा मला कळले. आमच्याही भिंतीवर चादरच होती, घरच्याच कपाटातली.

त्या रात्री शेजारचे भाऊ आले होते. बाहेर पावसाने जोर धरला होता आणि ऐन वेळी वीज गेली. अंतोनिओ मुलाला घेऊन मैदानाबाहेरच्या फुटपाथवर बसला आहे, समोर शेकडो सायकली ओळीने लावलेल्या आहेत, एक सायकल एका दाराशी एकटीच टेकून ठेवलेली आहे, आणि तो तिच्याकडे पाहतो आहे, तिथे सगळे काळोखात गेले. इन्व्हर्टरवर एक दिवा आणि पंखा एवढेच चालते. आम्ही तो दिवाही लावला नाही. थोडा वेळ गेल्यावर भाऊ बोलू लागले. २०१० साली त्यांनी कर्ज काढून ट्रक घेतला होता. खाणीवरचा माल नदीच्या धक्क्यावर नेऊन टाकायचा, दिवसाला जमतील तेवढ्या खेपा मारायच्या. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतले ट्रक एका आठवड्यात जागच्या जागी उभे राहिले. "ह्याची सायकल चोरीला तरी गेली," भाऊ म्हणाले. "माझा ट्रक दारातच उभा होता. रोज सकाळी दार उघडले की समोर तोच. टायरांच्या मधून गवत वर आले तरी हप्ता चुकत नव्हता." पुढे तो त्यांनी मिळेल त्या किमतीला विकला. ही हकीकत तुकड्या-तुकड्यांनी आम्हाला सर्वांना ठाऊक होती, पण सलग अशी त्यांनी ती कधी सांगितली नव्हती.

वीज आल्यावर उरलेली आठ-दहा मिनिटे पाहिली. अंतोनिओ ती एकटी सायकल उचलतो, पकडला जातो, लोक त्याला मारतात, आणि लहानगा ब्रुनो गर्दीत बापाची पडलेली टोपी उचलून तिच्यावरची धूळ झटकतो. सायकलीचा मालक त्या पोराच्या तोंडाकडे पाहून तक्रार न करता सोडून देतो. मग बाप-लेक गर्दीतून चालू लागतात आणि मुलगा बापाचा हात धरतो. अंतोनिओचे काम करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी हे मुळात कारखान्यातले कामगार होते. ते मी भाऊंना सांगितले, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्या चालण्याचा अभिनय करता येत नाही, असे मलाही वाटते.

कियारोस्तामी यांच्या १९८७ सालच्या इराणी चित्रपटाबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण तो पाहून मी शिक्षिका म्हणून अस्वस्थ झाले. त्याच्या नावाचा अर्थ 'मित्राचे घर कुठे आहे' असा होतो. आठ वर्षांचा अहमद घरी येऊन पाहतो, तर शेजारी बसणाऱ्या मित्राची वही चुकून आपल्याकडे आलेली. आणि त्या मित्राला मास्तरांनी सकाळीच दम दिलेला, की पुन्हा गृहपाठ वहीत लिहून आणला नाहीस तर शाळेतून काढून टाकीन. मित्र राहतो डोंगरापलीकडच्या दुसऱ्या गावात, त्याचे घर अहमदला माहीत नाही. वही परत देण्यासाठी त्या मुलाने नागमोडी वाटेने डोंगर चढणे, उतरणे, दारोदार विचारणे, पुन्हा चढणे, एवढाच हा चित्रपट आहे. वाचायला ओळी पुष्कळ, पण बहुतेक त्याच त्या. अहमद आईला सांगतो, मला वही द्यायला जायचे आहे. आई म्हणते, आधी अभ्यास कर. तो पुन्हा सांगतो. ती म्हणते, बाळाला झोका दे. ती वाईट बाई नव्हे, तिच्यासमोर धुण्याचा ढीग पडला आहे. फक्त मुलगा काय म्हणतो ते तिच्या कानापर्यंत पोहोचत नाही. पुढे आजोबा भेटतात, त्यांच्या खिशात सिगारेटी असताना ते नातवाला सिगारेट आणायला पिटाळतात, मुलाला आज्ञापालनाची सवय लागावी म्हणून.

दहा-पंधरा मिनिटे झाल्यावर आई म्हणाल्या, हा सारखे दप्तर दप्तर म्हणतो आहे. फारसीत वहीला दफ्तर म्हणतात. आपल्याकडे येता येता त्या शब्दाची शाळेची पिशवी झाली. त्यानंतर 'दफ्तर' आणि 'दोस्त' हे दोन शब्द कानावर पडले की मी गप्प राहू लागले, आणि आईंना पुरेसे कळत होते. माझी पंचाईत झाली ती मास्तरांच्या ओळी वाचताना. "किती वेळा सांगितले तुला?" हे वाक्य पडद्यावर आले आणि मी ते मराठीत म्हटले, तेव्हा माझ्या मुलाने चटकन वळून माझ्याकडे पाहिले. आवाज काढायचा नाही असे मी ठरवून बसले होते, तरी त्या एका वाक्याला माझा वर्गातला आवाज आपोआप लागला होता. पुढच्या सोमवारी तिसरीच्या वर्गात एका मुलाने वही आणली नव्हती. त्याला काय सांगायचे होते ते मी पूर्ण होईपर्यंत ऐकले. सांगायला त्याला बराच वेळ लागला, कारण मध्येच कोणी तोडणार नाही यावर त्याचा लवकर विश्वास बसेना. चित्रपटाच्या शेवटी मास्तर वही उघडतात, तेव्हा पानांत एक लहानसे फूल दाबून ठेवलेले दिसते. आदल्या रात्री एका म्हाताऱ्या सुताराने ते अहमदला दिलेले असते. मास्तरांची नजर फक्त गृहपाठावर आहे, ते बरोबर अशी खूण करून पुढे जातात.

जुलैमध्ये मराठी चित्रपट लावला, अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. वडील वारलेला पुण्याचा मुलगा आणि बदली होऊन कोकणात आलेली त्याची आई. वाचायचे काहीच नसल्यामुळे मी प्रथमच हातपाय सैल सोडून बसले. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली मुलांच्या परीक्षक मंडळाने याला पारितोषिक दिले, ते का दिले असेल हे मुलांच्या टोळीची दृश्ये पाहिली की कळते. पार्थ भालेराव याचा बंड्या तर आमच्या शाळेत दर वर्षी एक तरी असतोच. सोबत्यांनी किल्ल्यात एकट्याला टाकून जाणे आणि वरून कोसळणारा पाऊस, या दृश्यात बाहेरचा पाऊस कुठला आणि आतला कुठला ते क्षणभर समजेना. माझी एकच तक्रार आहे. पावसाची, समुद्राची आणि हिरव्या डोंगरांची चित्रे कधी कधी इतकी देखणी होतात की मुलाच्या मनातली मळभ त्यांच्यापुढे फिकी पडते. यजमानांना हे पटत नाही. ते म्हणतात, पाऊस कोकणात असाच असतो, त्याला कमी देखणा कसा दाखवणार. अमृता सुभाष यांच्या कामाबद्दल मात्र घरात दुमत नव्हते. दिवसभर कचेरीत सोसून घरी येणारी बाई दार उघडण्याआधी क्षणभर थांबावी, तसे त्या चित्रपटभर थांबलेल्या वाटतात.

लक्ष्मीकांत शेटगावकर यांचा 'पलतडचो मुनिस' आम्ही ऑगस्टमध्ये पाहिला. महाबळेश्वर सैल यांच्या कोकणी कादंबरीवरचा हा चित्रपट २००९ साली टोरांटोला गेला आणि तिथे समीक्षकांचे पारितोषिक घेऊन आला. सीमेवरच्या रानात एकटा राहणारा विधुर वनरक्षक आणि त्याच्या दारी आलेली एक वेडी बाई, आणि त्या दोघांकडे पाहणारे गाव. बोली घरचीच, तेव्हा तळाच्या इंग्रजी ओळी आमच्यासाठी नव्हत्या. मी सवयीने त्या वाचत राहिले आणि प्रत्येक ओळीला मला ठेच लागत गेली. कोकणीत माणूस जे अर्धे बोलून सोडून देतो ते इंग्रजीत पुरे केलेले होते. चित्रपट संपल्यावर आईंनी सांगितले की त्यांच्या माहेरच्या गावात देवळाच्या मागे अशी एक बाई राहत असे; लोक तिला जेवायला देत, पण तिचे नाव कोणी विचारीत नसे. एवढे बोलून त्या झोपायला गेल्या. त्या वेड्या बाईच्या भूमिकेतल्या वीणा जामकर यांचे काम पाहताना मला जे शब्दांत धरता आले नव्हते, ते मला आईंच्या त्या दोन वाक्यांत मिळाले.

त्या ओळींचा विचार डोक्यात असतानाच चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' पाहिला. मुंबईतले एक वयस्क लोकशाहीर, नारायण कांबळे, यांच्यावर खटला भरला जातो. गटारसफाई करणाऱ्या एका कामगाराने त्यांचे गाणे ऐकून आत्महत्या केली असा आरोप. कांबळ्यांचे काम वीरा साथीदार यांनी केले आहे, ते स्वतः चळवळीतले होते आणि २०२१ साली गेले. मृत कामगाराची बायको साक्ष द्यायला उभी राहते. ती सपाट आवाजात सांगते की उतरण्याआधी तो आत खडा टाकून पाही, झुरळ बाहेर आले तर आत जीव जगू शकतो असे समजे. गटारातल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आतल्या घाणीचा वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन उतरे. आणि साक्षी-पुरावे चालू असताना न्यायाधीश त्यांतले जेवढे त्यांना कामाचे वाटते तेवढे इंग्रजीत शेजारच्या टंकलेखकाला सांगत जातात. माणूस बोलतो ती एक गोष्ट आणि कागदावर उतरते ती दुसरी.

या चित्रपटात मला वाचायच्या ओळी थोड्याच होत्या, इंग्रजी युक्तिवादापुरत्या. पण न्यायाधीशांचे ते सांगणे ऐकताना माझे तोंड कोरडे पडले. दर शनिवारी मीही तेच करते. दोन ओळी येतात, वेळ एका ओळीचा असतो, मग कोणती ठेवायची आणि कोणती गाळायची हे मी ठरवते, आणि आईंच्या नोंदीत तेवढेच जाते. यजमानांचे म्हणणे असे की न्यायालयाची खोली रिकामी होते, एकेक दिवा बंद होतो आणि पडदा काळा होतो, तिथेच हा चित्रपट संपायला हवा होता. मला तसे वाटत नाही. त्यानंतर सुट्टीवर गेलेले न्यायाधीश दिसतात, बाकावर डुलकी घेणारे, आणि पोरांनी ओरडून उठवल्यावर त्यांतल्या एकाच्या थोबाडीत मारणारे. ज्यांनी इतका वेळ दुसऱ्यांची भाषा आपल्या भाषेत बसवली, तो माणूस शब्दांशिवाय कसा आहे, हे पाहायलाच हवे होते.

ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' सप्टेंबरात लावला तो ही धास्ती मनात घेऊनच. १९५३ सालचा चित्रपट, दोन तासांहून मोठा, आणि घडते ते इतके थोडे की सांगायला एक वाक्य पुरते: ओनोमिची नावाच्या गावातले म्हातारे नवरा-बायको टोकियोला मुलांकडे जातात, मुलांना सवड नसते, ते परत येतात, आणि परतल्यावर आई वारते. सुरुवातीलाच दोघे प्रवासाचे सामान भरत आहेत. हवा भरायची उशी सापडत नाही. नवरा म्हणतो, ती तुझ्याकडे दिली; बायको म्हणते, माझ्याकडे नाही, तुमच्याकडेच दिली होती; तो म्हणतो, नीट बघ; आणि मग ती त्याच्याच सामानात निघते. तो म्हणतो, अरे, आहे की. बस्स. ती काहीही बोलत नाही. आई इतक्या मोकळेपणाने हसल्या की मला पुढच्या दोन ओळी सोडाव्या लागल्या. माझे सासरे जाऊन सहा वर्षे झाली. गावाला निघताना किल्ल्यांवरून त्या दोघांचे नेमके असेच चाले.

खरी अडचण इंग्रजीतल्या 'यू' या शब्दाने केली. जपानी माणूस कोणाशी कसा बोलतो यात मानाच्या पायऱ्या असतात, आपल्याकडे असतात तशाच. इंग्रजी ओळीत त्या सगळ्या एका 'यू'मध्ये सपाट होऊन येतात. मला मात्र दर वेळी निवडावे लागत होते: तू, तुम्ही की आपण. म्हातारा बायकोला 'अगं' म्हणेल, ती त्याला 'अहो' म्हणेल, इथपर्यंत ठीक. थोरली मुलगी शिगे आईबापांना काय म्हणेल? ती त्यांना महागाची मिठाई कशाला आणलीस म्हणून नवऱ्यावर चिडते, पार्लरमध्ये आलेल्या गिऱ्हाइकाला 'गावाकडची ओळखीची माणसे' अशी त्यांची ओळख करून देते. मी तिच्या तोंडी 'तुम्ही' घातले आणि ते मला लगेच खटकले, कारण ते फार आदराचे वाटले. आणि मग नोरिको आली. युद्धात गेलेल्या मधल्या मुलाची ही विधवा, खरे तर आता त्या घराशी नाते उरले नाही असे म्हणता येईल अशी, आणि तीच एकटी नोकरीतून रजा काढून सासू-सासऱ्यांना शहर दाखवते, शेजारणीकडून साके आणि पेला मागून आणून त्यांना पाजते, आपल्या एका खोलीत सासूला निजवते. तिच्या ओळी मी वाचत होते: "आई, तुम्ही दमला असाल." "आई, खांदे चेपून देऊ का?" वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की एक सून दुसऱ्या सुनेचे बोलणे स्वतःच्या सासूला ऐकवते आहे. माझा आवाज खाली गेला. शेजारी खुर्चीत बसलेल्या आई पडद्याकडेच पाहत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ओकासान म्हणजे आई ना? मी हो म्हटले. त्यानंतर ओकासान आणि वडिलांसाठीचा ओतोसान हे शब्द मी त्यांच्यासाठी वाचलेच नाहीत.

ओझू कॅमेरा फार खाली ठेवतात, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला, आणि तो जवळजवळ हलवत नाहीत. हे मी पुस्तकांत वाचले होते. आईंना ते वाचावे लागले नाही. अर्धा चित्रपट झाल्यावर त्या म्हणाल्या, हे आपण पाटावर बसून पाहतो आहोत असे वाटते. गुडघ्यांमुळे त्या खाली बसत नाहीत त्याला आता चार वर्षे होतील. म्हाताऱ्याचे काम करणारे चिशू र्‍यू त्या वेळी अवघे एकोणपन्नास वर्षांचे होते, हे मुलाने सांगितले तरी आईंना ते खरे वाटले नाही. बसताना हात कुठे टेकतो पाहा, म्हणाल्या.

शेवटाकडे, अंत्यविधीनंतर बाकीची भावंडे लगबगीने टोकियोला परततात, शिगे तर जेवता जेवताच आईचे कपडे मागून घेते, आणि मागे राहिलेली धाकटी बहीण क्योको चिडून नोरिकोला विचारते. इंग्रजी ओळ अशी होती की आयुष्य निराश करणारे असते, नाही का. आणि नोरिको उत्तर देते, हो, असते. हे लिहिताना मला जसे पुस्तकी वाटते आहे तसेच तेव्हाही वाटले. मराठीत अशा वेळी आपण काय म्हणतो? 'असंच असतं गं' म्हणतो, 'चालायचंच' म्हणतो, पण त्यात समजूत घालण्याचा सूर येतो, आणि नोरिको समजूत घालत नव्हती, ती फक्त खरे सांगत होती. मी शब्द शोधत राहिले, ओळ निघून गेली. मी सांगायला तोंड उघडले, तेव्हा आईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "सांगूं नाका. ती हांसली तें पळयलें हांवें."

नोरिकोचे काम करणाऱ्या सेत्सुको हारा यांचे ते हसणे मी तोवर पाहिलेच नव्हते. माझे डोळे पडद्याच्या तळाला होते.

मागच्या शनिवारी आईंनी तोच चित्रपट पुन्हा मागितला. असे यापूर्वी कधी झाले नव्हते. ओळी नकोत, असेही त्यांनी सांगितले, आणि मुलाने सबटायटल बंद करून ठेवले. भाऊ पहिल्या खेपेला मुलीकडे गेले होते, त्यामुळे त्यांचा हा पहिलाच. मी मागच्या खुर्चीत बसले, आणि परदेशी चित्रपट पाहताना प्रथमच मला अख्खा पडदा दिसला. एका खोलीत बसलेली चार माणसे चार वेगवेगळ्या लयींत पंखे हलवतात. पहिल्या दृश्यात खिडकीशी थांबून दोन शब्द बोलून जाणारी शेजारीण शेवटी त्याच खिडकीशी पुन्हा येते. ती तीच खिडकी आहे हे पहिल्या वेळी माझ्या लक्षातही आले नव्हते, कारण तेव्हा मी ती काय म्हणते ते वाचत होते. मधल्या कितीतरी ठिकाणी भाऊ हळूच वळून माझ्याकडे पाहत, हा काय म्हणाला म्हणून. पण मी काही बोलण्याआधीच आई त्यांना सांगून टाकत, एखाद-दुसऱ्या शब्दात, पडद्यावरची नजर न हलवता.

शेवटच्या दृश्यात म्हातारा एकटा बसला आहे. शेजारीण खिडकीतून विचारते, तो पंखा हलवत काहीतरी उत्तर देतो. पहिल्या वेळी मी ती ओळ अशी वाचली होती: "एकटे राहिल्यावर दिवस मोठे वाटू लागतील." भाऊंनी या खेपेला माझ्याकडे वळून पाहिले नाही, त्यांनी आईंकडेच पाहिले.

"तो म्हणटा," आई म्हणाल्या, "आतां दीस सोंपचो ना."

मग समुद्रावरून एक होडी फटफट करीत गेली, आणि आम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत बसून राहिलो.